डीलरने सुचवलेल्या देखभालीच्या कामांपैकी खरोखर आवश्यक कोणती?

प्रश्न

माझ्याकडे पाच वर्षांची, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली पेट्रोल गाडी असून तिचे ५०,००० किलोमीटर होत आले आहेत. सर्व्हिसिंगसाठी अधिकृत डीलरकडे चौकशी केली, तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझरने बॉनेट उघडण्यापूर्वीच एक लांबलचक एस्टिमेट हाती ठेवले. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर त्यात होतेच. त्याशिवाय इंजिन फ्लशिंग (रसायन घालून इंजिन आतून धुणे), इंजेक्टर क्लीनिंग (पेट्रोल फवारणाऱ्या भागांची सफाई), ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि गिअरबॉक्सचे ऑइल बदलणे, व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), एसी डिसइन्फेक्शन, टायरमध्ये नायट्रोजन आणि अंडरबॉडी कोटिंग अशी कामे लिहिलेली होती.

गाडीबद्दल सध्या माझी कोणतीही तक्रार नाही. सगळी कामे सरसकट नाकारली तर एखादे महत्त्वाचे काम राहून जाईल आणि सगळी मान्य केली तर निम्मा खर्च बहुधा अनावश्यक ठरेल, अशा पेचात मी आहे. प्रत्येक ओळीसमोर केवळ ‘शिफारस’ असे लिहिले आहे. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की डीलरची, हे कागदावरून कळत नाही. ही निवड कोणत्या आधारावर करावी?

प्रतिसाद १

शिफारस कोणाची, हाच यातला कळीचा मुद्दा आहे आणि त्याचे उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या ओनर्स मॅन्युअलमध्ये सापडते. त्यातील देखभालीचे वेळापत्रक कंपनीने त्या विशिष्ट इंजिनासाठी आणि गिअरबॉक्ससाठी ठरवलेले असते, आणि पुढे वॉरंटीचा प्रश्न उद्भवल्यास त्याचेच पालन झाले की नाही हे पाहिले जाते. एस्टिमेटमधील प्रत्येक ओळ त्या तक्त्याशी ताडून पाहा. तक्त्यात नसलेले काम म्हणजे फसवणूकच, असे मुळीच नाही. परंतु ते का करायचे हे पटवून देण्याची जबाबदारी मग ते सुचवणाऱ्यावर येते.

गाडी चालवताना काहीही जाणवत नसले तरी मुदत संपली की करावीच लागतात, अशी काही कामे असतात. तुमच्या यादीतील ब्रेक ऑइल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ग्लायकॉल या रसायनावर आधारित डॉट ३ आणि डॉट ४ या प्रमाणित प्रकारांची ब्रेक ऑइले हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेतात. डॉट ४ प्रकारच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्याने ते तापले आणि हे ऑइल उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जाते आणि ब्रेक मात्र लागत नाही. रोजच्या संथ वाहतुकीत याची चाहूलही लागत नाही, म्हणूनच बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांची मुदत ठरवून देतात. तुमच्या गाडीचे ब्रेक ऑइल पाच वर्षांत एकदाही बदललेले नसेल, तर या यादीत मी त्याला पहिला क्रमांक देईन.

कूलंटचेही असेच आहे, मात्र त्याची मुदत पुष्कळ मोठी असते आणि गाडीनुसार बदलते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. गोठणबिंदू मोजणारी साधी चाचणी कूलंटमधील ग्लायकॉलचे प्रमाण सांगते, गंजरोधक रसायने किती शिल्लक आहेत हे सांगत नाही. म्हणून ‘चाचणीत ठीक आले’ एवढ्यावर मुदत वाढवू नये. बदलताना मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच प्रकार भरावा, कारण रंग सारखा असला म्हणजे रसायन सारखे असते असे नाही.

इंजिन फ्लशिंगला मात्र मी स्पष्ट नकार देईन. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात धुऊन काढण्यासारखे फारसे काही साचत नाही. उलट ज्या इंजिनात खरोखर गाळ साचला आहे, त्यात फ्लशिंगने सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत किंवा अरुंद मार्गांत अडकण्याचा धोका असतो. म्हणजे निरोगी इंजिनाला ते नको आणि दुर्लक्षित इंजिनाला जोखमीचे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत असलो, तरी मॅन्युअलला शेवटचा शब्द मानण्याबाबत माझा आक्षेप आहे. देखभालीचा खर्च कमी दिसावा ही कंपनीचीही गरज असते आणि त्याचा परिणाम तक्त्यावर होऊ शकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले आहे, असे अनेक मॅन्युअलांत म्हटलेले असते. पण हे आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, याचा खुलासा केलेला नसतो. अनेक कंपन्यांच्या मोटारींना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलण्याची शिफारस करते, आणि त्यांतील काही गिअरबॉक्स ज्या गाड्यांत बसवले जातात त्यांची मॅन्युअले या विषयावर गप्प असतात. तेव्हा गिअरबॉक्सच्या ऑइलबाबत डीलर बोलतो आहे म्हणून ते लगेच माथी मारणे समजू नये. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहा, कारण सीव्हीटी (ठराविक गिअरऐवजी सलग बदलणारे गुणोत्तर असलेला) आणि ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला) या प्रकारांची ऑइले व मुदती वेगळ्या असतात आणि चुकीचे ऑइल भरणे हे जुने ऑइल ठेवण्यापेक्षा घातक ठरते. यंत्राने दाब देऊन फ्लश करण्याऐवजी जुने ऑइल काढून त्याच प्रकारचे नवे भरण्याची पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते.

इंजेक्टर क्लीनिंगविषयीही थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. ज्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) आधी फवारले जाते, तेथे पेट्रोलमधील डिटर्जंट व्हॉल्व्ह बऱ्यापैकी स्वच्छ ठेवते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही आणि तेथे कार्बन साचू शकतो. हा कार्बन टाकीत ओतायच्या द्रवाने निघणे शक्य नाही, कारण तो द्रव तेथे पोहोचतच नाही. इंजिन सुरू होताना अडखळत असेल, आयडलिंग (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे चालणे) अस्थिर असेल किंवा मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा, कोड निदान यंत्रावर दिसत असेल, तर आधी निदान करून मग योग्य ती सफाई करावी. कोणतीही तक्रार नसताना ठराविक किलोमीटरना इंजेक्टर साफ करण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रतिसाद ३

उरलेल्या ओळींपुरते लिहितो. हवेत मुळातच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे नायट्रोजनचा आग्रह धरण्यापेक्षा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवेचा दाब तपासणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. अलाइनमेंट हवेच असेल, तर त्याची लक्षणे दिसतात: सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, स्टीअरिंग तिरके राहते किंवा टायर एकाच कडेने झिजतो. सस्पेन्शनचे काम झाल्यावर किंवा चाक खड्ड्यात जोरात आदळल्यावरही ते करून घ्यावे. एसीमधून कुबट वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर बदलून पाहा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने बदलता येतो. अंडरबॉडी कोटिंगसाठी पाण्याचा निचरा करणारी छिद्रे बुजवली गेली तर ओल आतच राहते, म्हणून ते नकोच असे माझे मत आहे.

यादीत काय नाही, तेही पाहा. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) असेल तर तो कधी बदलायचा हे आत्ताच तक्त्यात शोधून ठेवा, कारण अनेक इंजिनांची रचना अशी असते की बेल्ट तुटल्यास पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्ती इंजिन उघडण्यापर्यंत जाते. टायर कधी बनला हे कळण्यासाठी त्याच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंकही वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालातील २३ वा आठवडा. मळलेल्या एअर फिल्टरमुळे मायलेज घटते हे विधान मात्र आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना फारसे लागू पडत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत इंधनखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही, वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. फिल्टर मुदतीत बदलावाच, पण मायलेजचे आमिष दाखवणाऱ्यावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मॅन्युअल पाहिले असता ब्रेक ऑइलची मुदत उलटून गेल्याचे आणि कूलंटची मुदत अद्याप बाकी असल्याचे दिसले. मात्र त्यात दोन तक्ते आहेत, एक सर्वसाधारण वापरासाठी आणि दुसरा कठीण परिस्थितीसाठी, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर दुसराच लागू करत आहेत. माझी गाडी बहुधा जवळच्या अंतरावर, गर्दीच्या रस्त्यांवर चालते. ती कधी ओझे ओढत नाही की डोंगर चढत नाही. अशा वापराला कठीण म्हणणे योग्य आहे का?

प्रतिसाद १

या एका बाबतीत तुमचे सर्व्हिस ॲडव्हायझर बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे. थोड्या अंतरासाठी गाडी काढली की इंजिन पूर्ण तापण्याआधीच बंद होते; त्यामुळे ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश बाष्परूपाने निघून जात नाही. गर्दीत उभ्या गाडीचे इंजिन चालू राहते, पण किलोमीटर वाढत नाहीत. याच कारणांसाठी बहुतेक मॅन्युअले लहान फेऱ्या, सतत थांबत-थांबत चालवणे, धूळ आणि कडक उन्हाळा किंवा थंडी यांची गणना कठीण वापरात करतात. तथापि दुसरा तक्ता लागू झाला म्हणजे सगळीच कामे लवकर करायची असे नसून, त्यात जेवढ्या ओळींची मुदत कमी केलेली आहे तेवढ्यांनाच तो लागू होतो. बहुधा इंजिन ऑइल, एअर फिल्टर आणि कधीकधी गिअरबॉक्सचे ऑइल एवढ्याच त्या ओळी असतात, आणि फ्लशिंग किंवा कोटिंग त्यांत सापडत नाही.

गाडी देताना जॉब कार्डवर (करायच्या कामांच्या नोंदीच्या कागदावर) फक्त मान्य केलेली कामे लिहवून घ्या आणि नवे काही निघाल्यास फोनवर संमती घेतल्याशिवाय करू नये, अशी नोंद त्याच कार्डावर करा. झीज सांगितली गेली तर आकडा मागा. ‘ब्रेक पॅड झिजले आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. किती मिलिमीटर शिल्लक आहेत आणि बदलण्याची मर्यादा किती, हे दोन्ही लिहून मिळाले पाहिजे. बदललेले जुने भागही परत मागून घ्यावेत, आणि ही मागणी काम सुरू होण्यापूर्वीच करावी, कारण नंतर ते बहुधा सापडत नाहीत.