प्रतिसाद: स्कूबा डायव्हिंगमध्ये आधी डेकोचा (डीकॉम्प्रेशनचा) कोर्स की पायाभूत?

एकाने विचारलंय की ५० डाइव्ह झाल्यात, नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स झालाय, तर थेट डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना ठरावीक खोलीवर थांबत यावं लागतं अशा डाइव्हचा, कोर्स करावा का. माझं मत: आधी इंट्रो टू टेक (टेक्निकल डायव्हिंगची ओळख) किंवा जीयूई या संस्थेच्या फंडामेंटल्ससारखा पायाभूत कोर्स करा. त्यात नवी खोली मिळत नाही, म्हणून लोक तो टाळतात. पण ट्विनसेट (जोडलेले दोन सिलिंडर) पाठीवर घेऊन पाण्यात आडवं, स्थिर राहणं तिथेच अंगवळणी पडतं. मी स्वतः व्हॉल्व्ह ड्रिल (पाठीवरच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद-चालू करण्याचा सराव) करताना पहिले दोन दिवस नुसता वरखाली होत होतो. डेको स्टॉपवर, म्हणजे वर येतानाच्या त्या थांब्यावर, असं झालं तर फार महागात पडेल, कारण तिथून सरळ वर येता येत नाही.

दुसरं म्हणजे वर येताना श्वासाचा गॅस बदलणं. ५० टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स २१ मीटरपर्यंतच चालतो, शुद्ध ऑक्सिजन फक्त ६ मीटरपर्यंत. तोच ५० टक्क्यांचा सिलिंडर ४० मीटरवर चुकून तोंडात गेला, तर ऑक्सिजनचा आंशिक दाब २.५ बार होतो आणि आकडीचा झटका कधीही येऊ शकतो. पाण्याखाली झटका म्हणजे बहुतेक वेळा बुडणंच. म्हणून सिलिंडरवरची एमओडी (तो गॅस चालतो ती कमाल खोली) जोडीदाराला दाखवूनच रेग्युलेटर तोंडात घ्यायचा, दर वेळी.

कोर्स कोणत्या एजन्सीचा आहे यापेक्षा प्रशिक्षक पाहा. तो कोर्सबाहेर स्वतः अशा डाइव्ह करतो का, आणि तयारी नसलेल्याला नापास करतो का, हे सरळ विचारा. माझ्या प्रशिक्षकाने मला पहिल्यांदा पास झाल्याचं कार्ड दिलं नव्हतं. तीन महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा दिलं.