सोसायटी ग्रुप: रविवारचा हेरिटेज वॉक आणि पत्रकावरचा फोटो

ए-२०२ काका: वॉकचं पत्रक आत्ता लिफ्टमध्ये पाहिलं. कोणी केलंय हे? फोटो काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा आणि खाली ओळ "एल्फिन्स्टन हायस्कूल, बाबासाहेबांची शाळा". मागच्या वर्षीपण हेच सांगून थकलो होतो.

सेक्रेटरी: नमस्कार काका 🙏 पत्रक कल्चरल कमिटीचं आहे. नेटवर एल्फिन्स्टन टाकलं की तोच फोटो पहिला येतो.

ए-२०२ काका: नेटचं नेटपाशी. शाळा धोबीतलावला, महापालिका मार्गावर. झेवियर्स आणि कामा हॉस्पिटलच्या आसपास, समोर आझाद मैदान. आजची पाटी 'टेक्निकल हायस्कूल'. शाळा आणि कॉलेज १८५६ मध्येच वेगळे झाले. कॉलेज काळा घोड्याला गेलं १८८८ मध्ये, आणि ती बिल्डिंग मुळात सरकारी छापखान्यासाठी बांधलेली.

सी-७०३: मग उतरायचं कुठे? एल्फिन्स्टनला? 😄

बी-१०१: ते २०१८ पासून प्रभादेवी झालं हो. सीएसएमटीला उतरा.

ए-२०२ काका: आणि ते स्टेशन दुसऱ्याच एल्फिन्स्टनचं. लॉर्ड जॉन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. शाळा त्याच्या आधीचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाची. तो १८२७ ला परत निघाला तेव्हा लोकांनी शिक्षणासाठी वर्गणी काढली, तिथून सगळं सुरू. दोघांचं नातं काका-पुतण्याचं.

सी-७०३: म्हणजे तिथेही काकाच 🙈

डी-४०४: मागच्या सहलीचा हिशोब ग्रुपवर टाकावा ही नम्र विनंती.

कमिटी ताई (बी-६०२): दोन रात्री जागून पत्रक केलंय. ज्यांना चुका दिसतात त्यांनी मीटिंगलाही दिसावं. बाकी काकांच्या माहितीबद्दल आदरच आहे.

ए-२०२ काका: मीटिंगची वेळ दुपारी तीन ठेवलीत. तेव्हा माणसं झोपतात.

ए-५०१ मॅडम: फोटोपेक्षा मजकूर बघा जरा. "बाबासाहेबांची शाळा" एवढंच लिहून सोडून दिलंय. १९०७ ला ते मॅट्रिक झाले, पण त्या वर्गात काय सोसलं? गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं तर मुलं आधी धावली. फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला, बाटतील म्हणून. संस्कृत घ्यायचं होतं, ते मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. हे न सांगता तिथे सेल्फी काढणार असू तर मी नाही येत.

सेक्रेटरी: मॅडम, अगदी योग्य 🙏 मजकुरात घेतो.

बी-१०१: कोणाची पांढरी ॲक्टिव्हा गेटसमोर आहे? टँकर अडकलाय.

सी-३०६: एक प्रामाणिक मत. राग नको. बघण्यासारखी बिल्डिंग कॉलेजचीच आहे, तिथेच जाऊ या. टेक्निकल म्हणजे शेवटी अभ्यासात कच्च्या मुलांची सोय. आयटीआयसारखंच ना?

डी-४०४: मागच्या सहलीचा हिशोब ग्रुपवर टाकावा ही नम्र विनंती. (दुसऱ्यांदा)

ए-२०२ काका: सी-३०६, आयटीआय वेगळं, टेक्निकल वेगळं. आयटीआयला शाळा सोडल्यावर एक ट्रेड शिकायचा. टेक्निकलमध्ये आठवीपासून मराठी, गणित, शास्त्र सगळं आणि वर वर्कशॉप नि ड्रॉइंग. मी टेक्निकलचाच, दुसऱ्या शाळेतला, जुन्या अकरावीच्या एसएससीचा. वर्कशॉपमधला पहिला जॉब, म्हणजे करायला दिलेलं काम, काय होता सांगू? लोखंडाचा ओबडधोबड तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि कानस मारून काटकोनात आणायचा. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की सर तुकडा परत टाकायचे. बोलायचे काहीच नाहीत. माझा सात वेळा परत आला. तळहाताला फोड. तुमच्या कच्च्या मुलांनी ती रेघ बंद करून दाखवली आहे.

ए-२०२ काका: आणि परवा तुमच्या बाथरूमचा नळ कोणी दुरुस्त केला?

सी-३०६: काका, तो विषय वेगळा.

सी-३०६: _हा मेसेज डिलीट करण्यात आला_

सी-७०३: मी वाचला 😂

ए-५०१ मॅडम: मीही.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. शाळेची थोडी माहिती अजून मिळेल का काका? पत्रकात दोन ओळींची जागा आहे.

ए-२०२ काका: लिहा: इमारतीला अल्बर्ट ससून यांच्या देणगीचा हात. ससून डॉकवाले तेच. आणि लिहा की ही वास्तू साहेबी हायस्कूल म्हणून उभी राहिली, तिथेच पुढे मुलं कानस धरायला लागली. मला विचाराल तर बघायचं ते हेच आहे. कमानी काय, फोर्टात पावलोपावली आहेत.

कमिटी ताई (बी-६०२): घेतलं. फोटोही बदलला. हे बघा नवीन पत्रक. आता तरी सगळे खूश?

बी-१०१: छान झालंय ताई 👌👌

सेक्रेटरी: सुंदर! कमिटीचे आभार.

ए-२०२ काका: हे झेवियर्स कॉलेज आहे.

सी-७०३: निदान रस्ता तरी बरोबर आला.

कमिटी ताई (बी-६०२): साठ प्रती छापून झाल्यात.

डी-४०४: त्याचाही हिशोब टाकावा.