मागचा एक्सल ३.७३ वरून ४.३० करावा का? ड्रॅगसाठी सल्ला हवा

म्हापशेकर

नमस्कार मंडळी. गाडी जुनी, रिअर व्हील ड्राइव्ह, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. २ लिटर पेट्रोल इंजिन, टॉर्क साधारण १५० न्यूटन-मीटर, पूर्ण ताकद ५८०० आरपीएमला, कट-ऑफ (इंजिनची वरची मर्यादा) ६५०० ला. गिअर असे: ३.६५, २.०५, १.४०, १.००, ०.८०. मागच्या डिफमधली (डिफरन्शियलमधली) दातेरी जोडी, क्राऊन-पिनियन, ४१:११ दातांची, म्हणजे ३.७३. टायर २०५/६० आर१५. ड्रायव्हरसकट वजन १०८० किलो.

ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीत, ४०२ मीटरचा वेळ १६.४ सेकंद, शेवटच्या रेषेवर वेग ताशी १३६ किमी, पहिल्या ६० फुटांचा वेळ २.३५. सुटताना ३००० वर क्लच सोडला तर गाडी बसते (इंजिनचे फेरे कोसळतात), ४५०० वर सोडला तर टायर जागच्या जागी फिरतो.

४३:१० चा सेट मिळतो आहे, म्हणजे ४.३०. एक मेकॅनिक तर थेट ४.८८ घाला म्हणतो. पुढची स्पर्धा घाटावरच्या धावपट्टीवर आहे, उंची सहाशे मीटरच्या आसपास. इथे समुद्रसपाटीला जमवलेला रेशो तिथे चालेल का?

फोंड्याचा गिअरवाला

म्हापशेकर बाब, माहिती नीट दिलीत, त्यामुळे नेमकं सांगता येतं. रेशो नेहमी शेवटच्या रेषेकडून मागे मोजत यायचा. सुटण्याकडून मोजला की माणूस मोठ्या आकड्याच्या मोहात पडतो.

आधी चाकाचा खरा घेर मोजा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, ड्रायव्हर आत बसवा, चाकाचे पाच फेरे होईपर्यंत गाडी ढकला आणि आलेल्या अंतराला पाचने भागा. कागदावर तुमच्या टायरचा घेर १.९७ मीटर येतो, पण भाराखाली तो दबतो. मी १.९१ धरतो. मग वेग = आरपीएम × ०.०६ × घेर ÷ (गिअर × एक्सल).

३.७३ वर तिसरा गिअर ६५०० ला १४२ पर्यंत जातो. १३६ ला रेषा ओलांडताना इंजिन ६२०० वर असतं. पूर्ण ताकदीच्या किंचित पुढे, आणि तेही दोनच गिअर बदलून. ४०२ मीटरसाठी यापेक्षा बरा मेळ मागूनही मिळत नाही.

आता ४.३० घातला तर काय होतं ते वेगाप्रमाणे बघा. पहिला गिअर आता ५५ ऐवजी ४७ ला संपतो, दुसरा ९७ ऐवजी ८४ ला, तिसरा १४२ ऐवजी १२४ ला. ० ते ४७ चाकावरचा जोर १५ टक्के वाढला, हे खरं. पण ४७ ते ५५ या पट्ट्यात जुना एक्सल अजून पहिल्यात असतो आणि नवा दुसऱ्यात गेलेला असतो. तिथे गिअरिंग ३५ टक्के कमी. ५५ ते ८४ पुन्हा १५ टक्के जास्त, ८४ ते ९७ मध्ये २१ टक्के कमी, ९७ ते १२४ जास्त, आणि १२४ ला चौथा टाकावा लागतो तिथून रेषेपर्यंत १८ टक्के कमी. कट-ऑफजवळ टॉर्क पडलेला असतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा या आकड्यांहून थोडा कमी भरेल. पण दिशा हीच. रेषेवर चौथ्यात ५१०० आरपीएम, म्हणजे ताकदीच्या शिखराच्या ७०० खाली.

याचं कारण साधं आहे. गाडी चालू लागल्यावर त्या क्षणी इंजिन किती ताकद देतं यावर वेग वाढतो, आणि एक्सल ताकद निर्माण करत नाही. तो फक्त कोणत्या वेगाला कोणता आरपीएम हे ठरवतो. अपवाद सुटण्याचा. तिथे रेशो खरोखर कामाला येतो, पण टायरने पकड दिली तरच. तुमचा टायर ४५०० ला आधीच फिरतो. त्याला आणखी १५ टक्के जोर दिला तर तो आणखी फिरेल.

४.८८ वर चौथा रेषेवर ५८०० ला येतो, म्हणून मेकॅनिक ते सुचवत असावा. पण पहिला गिअर ४२ ला संपतो, तीन वेळा गिअर बदलावा लागतो, आणि हायवेला ८० च्या वेगाला पाचव्यात २७०० आरपीएम. आज ते २१०० च्या खाली आहे. रोज चालणाऱ्या गाडीत हे मी करणार नाही.

उंचीची काळजी रेशोपुरती सोडून द्या. दर शंभर मीटरला इंजिनची ताकद साधारण एक टक्का उतरते, म्हणजे सहाशे मीटरला सहा टक्के. रेषेवरचा वेग ताकदीच्या घनमुळाने बदलतो, म्हणून तो दोनच टक्के घटेल, १३३ वगैरे. तिसऱ्यात ६०५० आरपीएम. ठीकच आहे. कार्ब्युरेटर असेल तर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) मात्र वर जाऊन तपासा, कारण विरळ हवेत मिश्रण दाट होतं आणि सुटताना गाडी आणखी बसते.

पेडणे४०२

फोंडेकरांचा हिशोब बरोबर आहे, पण तो ४०२ मीटरचा. आपल्याकडे धावपट्टी आखूड असली की २०१ मीटरची शर्यत ठेवतात, आणि तिथे चित्र उलटतं. या गाडीचा २०१ ला वेग १०८ च्या आसपास असेल. ३.७३ वर दुसरा ९७ ला संपतो आणि तिसऱ्यात ४९०० वर रेषा येते, म्हणजे शेवटचा तुकडा मरगळलेला. ४.३० वर गिअर तितकेच बदलायचे, पण तिसऱ्यात ५६५० वर रेषा. २०१ साठी ४.३० हाच योग्य. म्हणून आधी आयोजकांना अंतर विचारा, मग पाना हातात घ्या.

दुसरं, एक्सल उघडण्याआधी टायर बदलून बघा. १९५/५० आर१५ चा व्यास ५७६ मिमी, तुमचा ६२७. फरक आठ टक्के, म्हणजे ३.७३ चा एक्सल ४.०६ सारखा वागतो. चार दिवसांसाठी कुणाकडून रिमसकट दोन चाकं मागून आणली तरी कळतं की गाडीला रेशो हवा आहे की नको. स्पीडोमीटर तेव्हा आठ-नऊ टक्के जास्त दाखवेल, त्यावर विसंबू नका.

आणि २.३५ हा ६० फुटांचा वेळ सुधारला की पुढे त्याच्या दीडपट फायदा होतो, ढोबळ मानाने. मागच्या टायरची हवा २४ पीएसआयपर्यंत उतरवा, धाव संपली की परत भरा. क्लच ३६०० ते ३८०० च्या दरम्यान, पूर्ण न सोडता पहिले दोन-तीन मीटर घसरवत सोडा. पाटे पिळवटले जाऊन एक्सल नाचत असेल तर ट्रॅक्शन बार (एक्सलला पिळू न देणारा दांडा) लावा. सुटताना मागून दडदड ऐकू आली तर समजा की चाक पकडतं-सुटतं आहे. त्यातच स्पायडर गिअर (डिफमधली छोटी दातेरी चाकं) आणि शाफ्ट जातात.

ही चाचणी नव्या झुवारी पुलावर किंवा मोपाच्या रस्त्यावर रात्री करायचा विचार कुणी करू नये. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यांना घरी परतणारी माणसं असतात.

म्हापशेकर

दोघांचेही आभार. विचारून घेतलं, घाटावर २०१ मीटरच आहे. म्हणजे ४.३० बसवायचा. सेट वापरलेला आहे, सुट्टा, हाउसिंगशिवाय (एक्सलच्या बाहेरच्या कवचाशिवाय). घेताना काय बघू? आणि बसवताना कुठे चुकतं?

डिचोली लेथ

घेण्याआधी क्राऊन आणि पिनियन दोन्हींवरचा जोडीचा नंबर जुळतो का बघा. दोन्ही एकत्र घासून तयार केलेले असतात. नंबर वेगळे असतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. दातांवर बोट फिरवा. पावसाळ्यात पाणी शिरून पडून राहिलेल्या सेटच्या दातांवर बारीक खड्डे असतात, तो ओरडणारच. दात मोजाच, सांगणाऱ्यावर जाऊ नका.

मग कॅरिअर, म्हणजे क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग. काही हाउसिंगमध्ये ठराविक रेशोच्या वर वेगळा कॅरिअर लागतो, कारण आकडा वाढला की पिनियनचं डोकं लहान होतं आणि क्राऊनला त्याच्याकडे सरकावं लागतं. ३.७३ आणि ४.३० एकाच कॅरिअरवर बसतात का हे पार्ट नंबरवरून खात्री करा. पिनियन लहान म्हणजे कमकुवतही. ४.८८ मध्ये पिनियनला साधारण आठच दात असतात, हे त्या मेकॅनिकला सांगा.

बेअरिंग, ऑइल सील, पिनियन नट आणि क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपणारी नळी) नवीन. यात काटकसर नको. क्राऊनचे बोल्ट साफ करून थ्रेडलॉक लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, मॅन्युअलच्या टॉर्कला. क्राऊन बसवण्याआधी कॅरिअरची बैठक तेलाच्या दगडाने पुसून घ्या. एक कण राहिला तरी क्राऊन लंगडतो.

पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) ठरते. जुन्या पिनियनवर +२, −३ असा आकडा कोरलेला असेल आणि नव्यावर वेगळा, तर त्या फरकाने शिम बदलून सुरुवात करा. हा फक्त आरंभ. खरा निकाल रंगाचा. पण त्याआधी प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला ताण: क्रश स्लीव्ह घालून नट थोडा थोडा आवळत जा आणि दर वेळी पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते इंच-पाउंडच्या टॉर्क रेंचने मोजा. नव्या बेअरिंगला सर्वसाधारणपणे १.७ ते २.८ न्यूटन-मीटर, जुन्यांना त्याच्या निम्मं. तुमच्या हाउसिंगच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच धरा. जास्त आवळला गेला तर नट मागे फिरवून चालत नाही, स्लीव्ह चेपलेली असते. ती काढून नवी घाला. सर्वात जास्त डिफ इथेच वाया जातात: नट ढिला करून तसंच पुढे जातात, पिनियन पुढे-मागे हलतो आणि काही दिवसांत दात जातात. रंग बघताना स्लीव्ह वाया जाऊ नये म्हणून आधी जुनी स्लीव्ह घालून, हलका प्रीलोड ठेवून खोली पक्की करा, नवी शेवटी.

प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने, क्राऊनच्या दातावर काटकोनात टेकवून. ०.१३ ते ०.२० मिमी. चार ठिकाणी मोजा. जागोजागी ०.०७ हून जास्त फरक आला तर क्राऊन वाकडा बसला आहे. क्राऊन ०.१० मिमी सरकवला की प्ले साधारण ०.०७ ने बदलतो, त्या अंदाजाने शिम एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला घाला.

मग दातांना पिवळा मार्किंग रंग किंवा प्रशियन ब्लू लावा, क्राऊनला लाकडाने अडवून भार द्या आणि दोन्ही दिशांना फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. दाताच्या टोकाशी आला तर बाहेर आहे, शिम वाढवा. तुमचा सेट वापरलेला असल्याने ठसा त्याच्या जुन्या घासलेल्या पट्ट्यावर बसवायचा. पुस्तकातल्या चित्रासारखा मधोमध आणायचा हट्ट धरला तर तो आवाज करेल.

तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. हेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, पितळी सिंक्रो रिंगांना काही जीएल-५ तेलं मानवत नाहीत. पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं हलक्या पायाने ६० च्या वेगात, मग पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा. ५०० किमी होईपर्यंत एकही लाँच (जोरात सुटणं) नाही, ८०० ला तेल बदला. थोडी बारीक पावडर तेलात येईल. तुकडे आले तर उघडा.

आवाजावरून: एक्सलरेटर दाबताना घुमतो तर खोली किंवा ठसा, सोडल्यावर घुमतो तर बहुधा पिनियनचं बेअरिंग किंवा प्रीलोड.

फोंड्याचा गिअरवाला

डिचोलीकरांच्या उत्तरात दोन गोष्टी जोडतो.

प्रोपेलर शाफ्टवरचा टॉर्क एक्सल बदलल्याने बदलत नाही, तो १५० × ३.६५ म्हणजे ५४८ इतकाच. पण त्याचे फेरे वाढतात. १०० च्या वेगाला ३२५० ऐवजी ३७५०. म्हणून शाफ्ट बॅलन्स करून घ्या आणि यू-जॉइंटचे क्रॉस तपासा. आधी न जाणवलेली थरथर आता जाणवेल. मागचे हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) मात्र वाढीव टॉर्क खातात: दोन्ही मिळून २०४० वरून २३५५ न्यूटन-मीटर. तुमच्याकडे टेपर आणि चावीची हब असेल तर चावी नवी घाला आणि नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. ढिल्या नटाने चावीची खाच पसरते आणि पहिल्याच लाँचला चाक फिरत नाही, शाफ्ट फिरतो. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून असेल तर १५ टक्के जास्त दाखवेल. त्याचा छोटा प्लास्टिक गिअर जास्त दातांचा घाला.

एक्सल खाली उतरवलाच आहे तर हाउसिंगवरचा ब्रीदरही (हवा ये-जा करण्याचं तोंड) काढून फुंकून बघा. आपल्या खाऱ्या हवेत तो गंजून बंद पडतो. मग गरम डिफमधली हवा सीलमधून तेल ढकलते आणि तेल ब्रेक लायनरवर येतं. पावसात पाण्यातून गेलं की थंड होताना तोच डिफ सीलमधून पाणी ओढतो. रबरी नळी लावून ब्रीदर वर चासीला बांधा, आणि सप्टेंबरनंतर भरण्याचा प्लग उघडून तेल दुधाळ झालं नाही ना ते बघा.