मदत हवी आहे: यूके केअर व्हिसा, स्पॉन्सरचं लायसन्स रद्द, ६० दिवसांत काय करू?

रेवा_लेस्टर
मला नोकरी देऊन व्हिसासाठी स्पॉन्सर केलेल्या कंपनीचं लायसन्स गेलं. मेल आला आणि शिफ्ट बंद. ६० दिवसांत नवा स्पॉन्सर नाही मिळाला तर देश सोडायचा. केअर होमना फोन करकरून थकले, स्पॉन्सरशिप म्हटलं की पुढे बोलतच नाहीत. एक एजंट ८ हजार पौंडांत सीओएस (व्हिसासाठी लागणारं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र) देतो म्हणतोय. देऊ का? लवकर सांगा. नियम वाचून झालेत, ते परत नकोत.

सातारकर
व्हिसा कधीचा? घरचे इथे आहेत का? आणि मेल कोणाचा, कंपनीचा की होम ऑफिसचा (यूकेच्या गृहखात्याचा)?

रेवा_लेस्टर
मेल कंपनीचा. त्याने काय फरक पडतो? एजंटचं सांगा ना.

हिरवा_चाफा
एक पौंडही देऊ नका! ३१ डिसेंबर २०२४ पासून सीओएसची फीसुद्धा कामगाराकडून घ्यायची नाही असा नियम आहे. आणि ८ हजार?

दख्खनी
नियम कागदावर. माझ्या मेहुण्याने २०२३ मध्ये पैसे भरले आणि आज तो लीड्सला नोकरी करतोय. वेळ नसेल तर माणूस काय करणार?

हिरवा_चाफा
तुमच्या मेहुण्याचं नशीब. आमच्या ओळखीत दोघींनी गावची जमीन विकून पैसे भरले, इथे आल्यावर आठवड्याला दहा तासही काम नाही. ताईंना पुन्हा त्याच खड्ड्यात कशाला ढकलता?

नाशिककर_काकू
माझ्या भाचीचं एएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालंय. तिला केअर वर्कर म्हणून पाठवायचंय. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) किती लागतं?

सातारकर
काकू, तो रस्ता २२ जुलै २०२५ ला बंद झाला. भारतातून नव्याने केअर वर्कर येऊ शकत नाही. कोणी आशा दाखवून पैसे मागत असेल तर देऊ नका. नर्सचा मार्ग उघडा आहे, पण त्याला एनएमसीची, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते.

मुक्काम_श्टुटगार्ट
यूकेचा नाद सोडा सगळ्यांनी. महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेमबर्गशी २०२४ मध्ये करार झालाय. जर्मन शिका, इकडे या.

हिरवा_चाफा
त्या आज अडकल्यात आणि तुम्ही त्यांना जर्मन शिकायला सांगताय? वेगळा धागा काढा.

रेवा_लेस्टर
व्हिसा जानेवारी २०२४ चा. नवरा आणि मुलगा माझ्यासोबतच आले. एक मॅनेजर म्हणाली, आधी तीन महिने आमच्याकडे काम केलेलं असेल तरच स्पॉन्सर करता येतं. खरं का?

सातारकर
हे आधी सांगायला हवं होतं, ताई. ११ मार्च २०२४ च्या आधी तुम्ही या व्हिसावर होतात, त्यामुळे केअरमध्येच स्पॉन्सर बदललात तर नवरा-मुलाला राहता येतं. तीन महिन्यांची अट स्टुडंट वगैरे व्हिसावरून येणाऱ्यांना. तुम्ही आधीच केअरच्या कोडवर (व्हिसातल्या कामाच्या क्रमांकावर) आहात, हे मॅनेजरला मेलवर लिहून कळवा. बऱ्याच जणांना हा फरक माहीतच नसतो, म्हणून ते सरळ नाही म्हणतात.
आणि ६० दिवस होम ऑफिसच्या पत्रापासून मोजतात, कंपनीच्या मेलपासून नाही. व्हिसाच त्याआधी संपत असेल तर मात्र तेवढेच दिवस.

केअर_मॅनेजर_डर्बी
बरोबर. नवा स्पॉन्सर सीक्यूसीकडे (इंग्लंडमध्ये केअर सेवांवर देखरेख करणारी संस्था) नोंदवलेला हवा. एप्रिल २०२५ च्या नियमानुसार सीओएसवर पगार वर्षाला किमान २५,००० पौंड आणि तासाला १२.८२ हवा, यापेक्षा कमी दिसला तर सही करू नका. मुदतीच्या आत अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत राहता येतं, पण नव्या ठिकाणी काम व्हिसा मिळाल्यावरच सुरू करा. लायसन्स गेलेल्या कंपन्यांच्या कामगारांसाठी इंग्लंडमध्ये प्रादेशिक मदत गट आहेत. तुमच्या लेस्टरच्या भागाचा, ईस्ट मिडलँड्सचा संपर्क गव्ह डॉट यूके या सरकारी वेबसाइटवर आहे, आजच मेल टाका. आमच्यासारख्यांना उमेदवार तिथूनही कळतात.

दख्खनी
हे असं काही असतं हे मेहुण्यालाही माहीत नव्हतं. पण मी म्हणतो एजंटशी बोलून तरी ठेवा.

रेवा_लेस्टर
एजंट नको, ठरलं. पण होम ऑफिसचं पत्र मला आलेलंच नाही. अर्ज पुण्याच्या एजन्सीने भरला होता, ईमेलही त्यांचाच दिलाय. आता ते फोन उचलत नाहीत.

केअर_मॅनेजर_डर्बी
मग पत्र तिकडे गेलेलं असू शकतं, आणि दिवस कधीच सुरू झालेले असतील! सगळं सोडा, आधी यूकेव्हीआय (यूकेचा व्हिसा विभाग) अकाउंटमध्ये ईमेल आणि फोन स्वतःचा करा. जमत नसेल तर तिथला हेल्प फॉर्म भरा. ई-व्हिसावर शेवटची तारीख कुठली दिसते ती लगेच इथे सांगा.