प्रतिसाद: जेंडर बजेट वाचताना

वर कोणी म्हटलंय की केंद्राचं महिला व बालविकास मंत्रालय म्हणजे अंगणवाड्यांचं खातं. अर्धंच खरं आहे. इतर मंत्रालयांत जेंडर बजेट (म्हणजे सरकारी खर्चातला किती वाटा स्त्रियांसाठी आहे याचा हिशोब) बघणारे कक्ष उभे करणं आणि तिथल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणं हेही त्यांचंच काम.

हा हिशोब बघायचा तर अर्थसंकल्पाच्या 'व्यय रूपरेषे'तलं (खर्चाचा तपशील देणाऱ्या दस्तऐवजातलं) विवरण क्र. १३ उघडून बघा. २००५-०६ पासून हे विवरण निघतं. भाग 'अ' मध्ये १०० टक्के महिलांसाठीच्या योजना, 'ब' मध्ये ३० ते ९९ टक्क्यांच्या, आणि अलीकडे जोडलेल्या 'क' मध्ये ३० च्या खालच्या. २०२५-२६ मध्ये एकूण तरतूद सुमारे ४.४९ लाख कोटी रुपये, म्हणजे अर्थसंकल्पाच्या ८.८६ टक्के.

आता गोम कुठे आहे ती बघा. ग्रामीण आवास योजनेची तरतूद 'अ' मध्ये धरतात, कारण घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर होतं. पण त्या घरात राहतं सगळं कुटुंब! 'ब' मधली टक्केवारीही लाभार्थी स्त्रिया किती हे मोजून काढलेली आहे की नुसता अंदाज आहे, हे विवरणावरून कळत नाही. म्हणून नुसती बेरीज पाहू नका, ओळीओळीने वाचा आणि मागच्या वर्षीच्या सुधारित अंदाजाशी ताडून बघा.