आई-बाबांना कोरियन खायला न्यायचंय, बजेट पंधराशे, काय मागवू?

डोंबिवलीची_सई:
नमस्कार मंडळी, पहिला पगार झालाय आणि आई-बाबांना कुठेतरी नवीन ठिकाणी जेवायला न्यायचंय. नेहमीचं पंजाबी-चायनीज नकोय. आई माझ्याबरोबर रात्री कोरियन सिरियली बघते आणि दर एपिसोडला विचारते की हे लोक एवढं चवीने खातात ते आहे तरी काय, म्हणून म्हटलं तेच खायला घालू. पवईकडे हल्ली छोटी नव्या पद्धतीची कोरियन रेस्टॉरंट झालीयेत त्यातलं एक बघून ठेवलंय, टेबलं मोजकी, मेन्यू क्यूआर कोडवर, रेट बांद्र्याच्या मानाने बरे. अडचण अशी की आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा मालवणचे, त्यांना मासे-चिकन सगळं चालतं पण पोट भरलं पाहिजे, नाहीतर घरी येऊन वरणभात मागतील. टॅक्स धरून तिघांचं पंधराशेत बसेल का?

पवईचा_खवय्या:
सई, बसेल, फक्त ऑर्डर नीट द्यायची. प्रत्येकाने आपली आपली एक डिश घेतली की बिल फुगतं आणि जेवल्यासारखंही वाटत नाही. मी काही वर्षं रांजणगावला एका कोरियन कंपनीत होतो, कॅन्टीनला रोज त्यांचंच जेवण. भात, एक सूप नाहीतर रस्सा, आणि मधे सगळ्यांनी मिळून खायच्या छोट्या छोट्या वाट्या, त्यांना बांचान म्हणतात, किमची (मिरची लावून आंबवलेला कोबी), मोड आलेले सोयाबीन, तिळाच्या तेलातला पालक असं काय काय. कोरियात या वाट्या फुकट असतात आणि संपल्या की परत भरून देतात, मुंबईत काही ठिकाणी देतात काही ठिकाणी किमचीचे वेगळे पैसे लावतात, तेव्हा आधी विचारून घे.
तुमच्यासाठी दोन बिबिमबाप (एक व्हेज, एक चिकन), एक तोकबोक्की (तिखट रश्शातली तांदळाची नळकांडी) मधे आणि एक व्हेज किमबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे रोल), बास. याउपर काही मागवू नकोस. बिबिमबाप दगडी वाडग्यातलं मिळत असेल तर तेच घे, त्याला दोलसोत म्हणतात, थोडं महाग पडतं पण ते घ्यावंच. वाडगं इतकं तापलेलं असतं की टेबलावर आल्यावरही भात तडतडत असतो, वर गाजर, पालक, मशरूम, मोड असे वेगवेगळे ढीग रचलेले. लगेच हात घालायचा नाही, दोनेक मिनिटं थांबायचं, बुडाला भात खरपूस धरू द्यायचा आणि मग गोचुजांग म्हणजे ती लाल मिरचीची आंबवलेली चटणी घालून चमच्याने तळापासून कालवायचं. शेवटी जी खरवड निघते ती बाबांना दे, घरी वरणभात मागणार नाहीत.
आणि हो, भात चमच्यानेच खातात, चॉपस्टिक जमल्या नाहीत म्हणून आईला अवघडल्यासारखं वाटायला नको.

शाकाहारी_ठाणेकर:
सई ताई, वरच्या दादांनी छान लिहिलंय पण आईसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मेन्यूवर हिरवा ठिपका असला तरी ‘स्टॉक कशाचा?’ हे विचारायचंच. तोकबोक्कीचा रस्सा मुळात सुकवलेल्या अँचोव्ही मासळीच्या आणि समुद्री शेवाळाच्या पाण्यात करतात, वर फिश केकचे तुकडे टाकतात. किमची नुसती कोबीची दिसते पण तिच्यात बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली बारीक कोळंबी असते, आणि किमचीचा भात, किमचीचं सूप हे सगळं तिच्यावरच उभं. बरीच रेस्टॉरंट आपल्याकडच्या लोकांसाठी व्हेज किमची वेगळी घालतात, पण विचारल्याशिवाय धरून चालायचं नाही. गोचुजांगमध्ये मिरची, चिकट तांदूळ, सोयाबीन, मीठ असं असतं, त्याची सहसा भीती नाही. किमबापमध्ये अंड्याची पट्टी असते आणि बिबिमबापवर अंडं फोडतात, ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगा, नंतर बाजूला काढून चालणार नाही ना.
तोकबोक्कीचे ते जाड नळकांडे तांदळाच्या पिठाचे वाफवून मळलेले असतात, चावताना उकडीच्या मोदकाच्या जाड पारीसारखे लागतात. माझ्या सासूबाईंना तिखट सोसत नाही तरी त्यांनी ते मागून खाल्ले. मला त्या दिवशी खरंच फार बरं वाटलं, कारण बाहेर गेलो की त्यांच्या वाट्याला नेहमी इडलीच येते.

गिरगावकर७७:
मला विचाराल तर या स्वस्त म्हणवणाऱ्या कोरियन जागांमध्ये एकच गोष्ट टाळा, रामयन, म्हणजे कोरियन इन्स्टंट नूडल्स. एका ठिकाणी मला दुकानात मिळतं तेच पाकीट उकळून वर चीजची स्लाइस ठेवून साडेतीनशेला दिलं, राग आला. घरी करता येतं ते घरी करा, बाहेर जाऊन जे घरी होत नाही ते खा. बाबांना जड काही हवं असेल तर बुलगोगी बघा, कोरियात बीफचं करतात, इथे बहुतेक ठिकाणी चिकन नाहीतर पोर्क असतं, सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल आणि नासपतीत मुरवलेलं. गोडसर लागतं, मालवणी जिभेला किमची सोबत हवीच, आणि जवळा-सुकट खाणाऱ्या माणसाला किमचीच्या वासाचं काही वाटणार नाही उलट आवडेल.
बिलाचं म्हणाल तर जीएसटी ५ टक्के धरा. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, लाजायचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. कष्टाचा पहिला पगार आहे पोरी, तो जेवणावरच जाऊदे.

डोंबिवलीची_सई:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आत्ताच रेस्टॉरंटला फोन केला. व्हेज तोकबोक्कीचा स्टॉक भाज्यांचाच करतात म्हणाले, व्हेज किमची पण आहे, छोटी वाटी फुकट आणि एकदा परत देतात. अंडं न घालता बिबिमबाप मिळेल, दोलसोतचे शंभर रुपये जास्त. हिशोब केला तर चौदाशेच्या आत येतंय. शनिवारी दुपारी जातोय. फक्त एक, तिथे आधी कोणी सुरुवात करायची असा काही नियम असतो का, आईने सिरियलमध्ये पाहिलंय म्हणे.

पवईचा_खवय्या:
असतो ना, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलला की मग बाकीचे. आमच्या कॅन्टीनमध्ये मॅनेजर बसेपर्यंत ज्युनियर पोरं थांबायची. बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर सगळे ताटकळत बसाल. आणि वाडग्याला बाहेरून हात लावू देऊ नकोस, ते बराच वेळ तापलेलं राहतं.