उंदरातील व्हीईजीएफ : सीरममध्ये मोजलेले आकडे ग्राह्य धरावेत का?

पळसफूल (वर्धा जिल्हा)
आमच्या तालुक्याच्या गावातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात पळसाच्या फुलांच्या मलमाने उंदरांच्या जखमा लवकर भरतात का, हे तपासणे चालू आहे. नव्या रक्तवाहिन्यांना वाढीस लावणारे व्हीईजीएफ हे प्रथिन एलायझाने (रंगाच्या गडदपणावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) मोजायचे ठरले आणि सगळ्यांनी सवयीने सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर उरणारा द्रव, काढले. हे आकडे प्रबंधात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्त साकळताना रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) आपल्यात साठवलेले व्हीईजीएफ बाहेर सोडतात. त्यामुळे सीरममधले किती रक्तात फिरत होते आणि किती नळीत सुटले, हे नंतर कोणालाही वेगळे काढता येत नाही. त्यातच आमची एक नळी अर्धा तास साकळली, तर दुसरी जेवणाच्या सुट्टीत दोन तास तशीच राहिली. रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घ्यावे आणि लगेच यंत्रात वेगाने फिरवून प्लाझ्मा, म्हणजे न साकळलेल्या रक्तातला द्रव, काढावा. साकळणे थांबवणारे दुसरे द्रव्य हेपरिन मात्र नको, कारण उंदराचे व्हीईजीएफ-१६४ (या प्रथिनाचा एक प्रकार) हेपरिनला चिकटते.

काळी माती (यवतमाळ)
मॅडम, तत्त्व मान्य, निष्कर्ष अमान्य. २५ ग्रॅमच्या उंदरात रक्त जेमतेम दीड-दोन मिलिलिटर. तो जगवायचा असेल तर एका वेळी त्याचा दहावा भागच घेता येतो आणि त्यातून प्लाझ्मा निम्माच हाती लागतो. चाचणीच्या प्लेटमधल्या दोन वेलमध्ये (खळग्यांत) ५०-५० मायक्रोलिटर टाकले की नळी कोरडी. शिवाय निरोगी उंदराच्या प्लाझ्मातील पातळी कित्येकदा किटच्या प्रमाणवक्राच्या (ज्ञात प्रमाणांवरून रंगाचे प्रमाण ठरवणाऱ्या आलेखाच्या) अगदी तळाशी जाते, आणि तिथल्या आकड्यावर विसंबणे म्हणजे धुक्यात मैलाचा दगड वाचणे. सगळ्या गटांचे रक्त घड्याळ लावून सारखाच वेळ साकळू दिले, तर गटांची आपापसातली तुलना टिकते.

पळसफूल
जखमेमुळे किंवा मलमामुळे रक्तबिंबिकांची संख्याच बदलली, तर घड्याळ काय करणार? सीरममधली वाढ मग मलमाच्या नावावर जमा होईल.

मेळघाटी
जखम पाठीवर आणि आपण दोघे भांडता रक्तावरून! जखमेची कड कापून, बर्फावर वाटून, वरच्या निवळीतले व्हीईजीएफ प्रति मिलिग्रॅम प्रथिन असे मांडा. आणखी एक गोष्ट कोणी लिहिलीच नाही. किटच्या पत्रकातले ‘खोलीचे तापमान’ २० ते २५ अंश असते. आमच्याकडे मे महिन्यात वीज गेली की कूलर बंद पडतो आणि खोली चाळिशीला टेकते. गेल्या उन्हाळ्यात ९६ वेलच्या प्लेटची चारही बाजूंची कड मधल्या भागापेक्षा गडद निळी झाली होती. आम्ल घालून ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग मोजल्यावर तीच चौकट आकड्यांत उतरली. एकच नमुना कडेला वेगळा, मध्ये वेगळा!

काळी माती
कडेचे वेल रिकामे सोडा, प्लेट सकाळी सहाला लावा. पण ऊतीतही रक्त उरतेच, सर. म्हणजे रक्तबिंबिका तिथेही हजर.

पळसफूल
ते खरे आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. उरलेल्या उंदरांचे शेवटच्या दिवशीचे रक्त अर्धे ईडीटीएत व अर्धे साकळवून घेईन, जखमेची कडही ठेवीन, आणि काही नमुन्यांत ठरावीक व्हीईजीएफ मिसळून ते किती परत मोजले जाते ते पाहीन.

काळी माती
जरूर. फक्त सीरमचा रकाना नावडता म्हणून खोडू नका. प्लाझ्माशेजारी तसाच छापा.